पाइनची बारा रोपं

कोक्विटलाम, २ सप्टेंबर २०१७

हेमचंद्र भाऊजी,

अक्षर तुम्ही ओळखणार नाही. मी प्रभा, चंद्रकांतची बायको. तुमचा पत्ता मॉन्ट्रियलच्या मंडळाच्या जुन्या यादीत सापडला. घर बदललं असेल तर हे पत्र ज्या कोणाला मिळेल त्याने माफ करावं.

चंद्रकांत एप्रिलच्या नऊ तारखेला गेले. हृदयाचं दुखणं होतं. हॉस्पिटलात अकरा दिवस होते, शुद्धीवर होते, त्रास फार झाला नाही. तुम्हाला तेव्हाच कळवायला हवं होतं. कळवलं नाही, कारण इतक्या वर्षांत आपलं एकमेकांना काही कळवणं उरलंच नव्हतं.

आता पत्र लिहिण्याचं कारण. बेसमेंट आवरताना एक पुठ्ठ्याचा डबा मिळाला. त्यात काचेच्या स्लाइड्स आहेत आणि झाकणावर तुमच्या अक्षरात ‘हे. प., ऑक्टोबर ७४’. तुम्ही विद्यापीठ सोडून गेलात तेव्हा लॅबच्या कचऱ्याच्या टोपलीतून चंद्रकांतनी तो उचलून आणला असणार. मला त्यांनी कधी दाखवला नाही. चार घरं बदलली आम्ही, प्रत्येक वेळी तो डबा बरोबर आला असला पाहिजे. एकही काच फुटलेली नाही. कुठे पाठवू ते कळवा.

इथे पश्चिम किनाऱ्यावर सध्या धुराचे दिवस आहेत. वर आतल्या भागात जंगलं पेटली आहेत, बातम्यांत दुसरं काही नसतं. आकाश पिवळट झालंय आणि गाडीच्या काचेवर सकाळी राखेचा पातळ थर असतो. देवयानी, माझी मुलगी, रोज फोन करून सांगते, खिडक्या लावून घे. पण मी खरं सांगू, तो वास आला की मला चौऱ्याहत्तर सालचा मे महिना आठवतो. आपण तिघं, ती उसनी आणलेली गाडी, आणि काळं जंगल.

तुमच्या रोपांचं त्या हिवाळ्यात नक्की काय झालं, ते मला कधी नीट कळलं नाही. मी नवी होते, तुमच्या शास्त्रातलं मला काही समजत नव्हतं. जे झालं ते वाईट झालं एवढंच समजत होतं.

तब्येतीला जपा. उल्कावहिनींना नमस्कार.

प्रभा


कोक्विटलाम, १९ नोव्हेंबर २०१७

हेमचंद्र भाऊजी,

तुमचं कार्ड मिळालं. तीन ओळींत तुम्ही तीन गोष्टी सांगितल्यात. चंदूचं ऐकून वाईट वाटलं, उल्का सहा वर्षांपूर्वी गेली, स्लाइड्स टाकून द्या.

उल्कावहिनींचं मला माहीत नव्हतं. मी त्यांना कधी पाहिलंही नाही. तरी नमस्कार लिहून बसले. माफ करा.

स्लाइड्स मी टाकणार नाही. दिवाणखान्यातल्या कपाटात ठेवल्यात.

तुम्ही पत्र लिहू नका असं म्हटलेलं नाही, म्हणून लिहिते आहे. आता घरात मराठी बोलायला कोणी नाही. देवयानीला कळतं सगळं, उत्तर इंग्लिशमध्ये येतं. लायब्ररीतली नोकरी सोडूनही चार वर्षं झाली. दिवसभरात मी जे बोलते ते ग्रोसरीच्या काउंटरवर. आणि चौऱ्याहत्तर साल आठवणारं जगात तुमच्याशिवाय आता कोणी उरलेलं नाही.

तुम्हाला आठवतं का, जानेवारीत मी आले तेव्हा विमानतळावर तुम्ही चंद्रकांतबरोबर आला होतात आणि माझ्यासाठी कोट आणला होतात? पुरुषी होता, गुडघ्याखाली यायचा. चंद्रकांतना सुचलं नव्हतं. तुम्ही म्हणालात, “वहिनी, इथे आधी कोट, मग नवरा.” मी कऱ्हाडहून निघाल्यापासून पहिल्यांदा हसले ती तेव्हा.

मग मे महिन्यात ती सहल. सहल मी म्हणते, तुम्ही दोघं कामाला निघाला होतात. आदल्या वर्षी जळलेलं जंगल बघायचं होतं. सहा तास गाडी चालली. मी डबा भरून घेतला होता, दशम्या आणि लसणाची चटणी. तुम्ही पोचायच्या आधीच अर्धा संपवलात.

गाडीतून उतरले आणि माझे पाय पुढे जाईनात. झाडंच झाडं, उभीच्या उभी काळी. एक पक्षी नाही. पायाखाली राख इतकी मऊ की चप्पल बुडायची. मला वाटलं, ही दोन माणसं मला स्मशानात कशाला घेऊन आली. आणि तुम्ही पुढे गेलात, एका जळक्या पाइनच्या बुंध्याशी गुडघे टेकलेत आणि म्हणालात, “वहिनी, इकडे या. हळू या, तुडवाल.”

तुम्ही दाखवल्यावरही मला मिनिटभर दिसेनात. राखेच्याच रंगाची होती ती. मग एक दिसलं, आणि मग सगळीकडे तीच. मधमाशीच्या पोळ्यासारखी टोपी, आतून पोकळ. मोरेल. तुम्ही म्हणालात, आपल्याकडे हिमालयात यालाच गुच्छी म्हणतात, सोन्याच्या भावाने विकतात.

मग तुमचं आणि चंद्रकांतचं भांडण सुरू झालं. ते भांडण तुमचं मी यायच्या आधीपासून चालू होतं, मी स्वयंपाकघरातून ऐकायची, पण त्या दिवशी तुम्ही मला न्यायाधीश केलंत. चंद्रकांत म्हणाले, “अगं, साधं आहे. झाड मेलं, मुळं मेली. मेलेल्यावर बुरशी वाढते. शिळ्या भाकरीवर वाढते तशीच.” तुम्ही म्हणालात, “नाही वहिनी. झाड जिवंत असतं तेव्हापासून ही जमिनीखाली त्याच्या मुळांना धरून असते. झाड तिला साखर देतं, ती झाडाला मातीतलं काहीबाही आणून देते. वर काहीच दिसत नाही, वर्षानुवर्षं. मग आग लागते, झाड मरतं, साखर बंद होते. मग हिचं तिथे काय उरलं? ती वर येते, बी उधळते आणि दुसरीकडे घर शोधते.”

“पुरावा?” चंद्रकांत म्हणाले.

“मिळवेन.”

मी निकाल तुमच्या बाजूने दिला. शास्त्र कळलं म्हणून नाही. चार महिन्यांपूर्वी मी घर सोडून आले होते, मला तुमचंच बरोबर वाटलं.

रात्री त्या मोटेलच्या खोलीत आपण स्टोव्हवर ती शिजवली. कच्ची खाल्ली तर बाधतात, तुम्ही चारदा बजावलंत. मी लोण्यात हिंग-मोहरीची फोडणी केली. चंद्रकांत म्हणाले, हा गुन्हा आहे. आणि ताट चाटून पुसून खाल्लं.

मी नंतर बरीच सुखं पाहिली भाऊजी. मुलगी झाली, घर झालं. पण कोणी विचारलं तर मला ती मोटेलची खोली आठवते. तुम्ही जमिनीवर बसला होतात आणि ओल्या वर्तमानपत्रात मोरेलचे तुकडे गुंडाळत होतात, लॅबमध्ये वाढवायला.

तुमचं काय चाललंय ते कळवा. कळवावंसं वाटलं तर.

प्रभा


कोक्विटलाम, ११ जून २०१८

भाऊजी,

हे पत्र एका बैठकीत लिहिते आहे. उठले तर पुन्हा बसणार नाही.

गेल्या आठवड्यात मी देवयानीला घेऊन वर गेले होते. गेल्या उन्हाळ्यात जळलेल्या जंगलात. ती म्हणाली, आई, तुझे गुडघे. मी म्हटलं, गुडघे माझे आहेत. तिथल्या मूळ रहिवाशांच्या चौकीवर आम्ही मोरेल वेचायचा परवाना काढला. तिथल्या बाईने माझ्याकडे पाहून विचारलं, पहिल्यांदा येताय का? मी म्हटलं, दुसऱ्यांदा, मध्ये चव्वेचाळीस वर्षं गेली.

तेच काळे खांब, तीच राख. मोरेल मला आधी दिसलं, देवयानीला नंतर. तिने हातात घेतलं, उलटंसुलटं केलं आणि विचारलं, “आई, हाऊ कम? झाड मेल्यावरच का येतात?”

मी सांगायला लागले. झाड जिवंत असतं तेव्हापासून ही खाली मुळांना धरून असते. साखर, माती, आग, सगळं सांगितलं. तुमच्याच शब्दांत. ती ऐकत राहिली आणि म्हणाली, “दॅट्स ब्यूटिफुल. बाबांनी सांगितलं?”

“नाही. हेमचंद्रकाकांनी.”

“हू इज दॅट?”

बेचाळीस वर्षांची आहे ती. तुमचं नाव तिने आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. मी तिथे राखेतच बसले. ती घाबरली, पाणी दिलं. तिला मी काही सांगितलं नाही. आधी तुम्हाला सांगायला हवं.

तुमचे वडील गेले, चौऱ्याहत्तरच्या डिसेंबरात, तुम्ही सांगलीला गेलात. जाताना तुम्ही रोपं चंद्रकांतच्या स्वाधीन केलीत. मोरेलची बुरशी मातीत घालून वाढवलेली पाइनची चौदा रोपं होती. दोन तुम्ही ऑक्टोबरात कापून पाहिली होतीत, त्यांच्या मुळांवर मोज्यासारखं चढलेलं आवरण दिसलं होतं, त्याच या स्लाइड्स. उरली होती बारा. ती जानेवारीत प्राध्यापकांसमोर आणि समितीसमोर उघडायची होती. सगळं त्या बारांवर होतं.

चंद्रकांतची परीक्षा होती. त्यांनी ते काम मला दिलं. रोज दुपारी काचघरात जायचं, कुंडीमागे अर्धी वाटी पाणी घालायचं, वरची झडप उघडी ठेवायची, बाकी कशाला हात लावायचा नाही.

आठ दिवस मी तसंच केलं. नवव्या दिवशी थंडी फार पडली. काचेवर आतून बर्फाची नक्षी धरली होती. माझीच बोटं वळत नव्हती. मला त्या रोपांची कीव आली, भाऊजी. बोटभर उंचीची होती ती. कोपऱ्यात एक छोटा हीटर होता. मी तो त्यांच्याजवळ सरकवला, लावला, झडप बंद केली आणि घरी गेले. त्या संध्याकाळी बर्फ सुरू झाला. दोन दिवस बस नव्हती. तिसऱ्या दिवशी गेले तर बाराच्या बारा रोपं तांबूस होऊन वाळली होती. माती कुंडीपासून सुटली होती, विटेसारखी.

चंद्रकांत आले, त्यांनी पाहिलं आणि खाली फरशीवर बसले. बऱ्याच वेळाने म्हणाले, “आत्ताच त्याचा बाप गेलाय.” मग उठले. शेजारच्या बाकावर त्यांची स्वतःची रोपं होती, तीच जात, तेच वय, साध्या मातीतली. मी म्हटलं, “अहो, हे काय करताय?” ते म्हणाले, “तसंही हेमूच्या मुळांवर काही निघणार नाहीये. दुसरीच कुठली बुरशी शिरली असेल त्या दोनांत. निदान रोपं मेली असं तरी त्याला नको ऐकायला.”

त्यांनी कुंड्या बदलल्या. तुमच्या लाकडी पट्ट्या, नंबर घातलेल्या, एकेक उपटून मी त्यांच्या हातात देत होते. एक ते बारा. चुकू नयेत म्हणून मी मोजत होते.

पुढचं तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. समितीसमोर बारा रोपांची मुळं धुतली, बारांवर काही नाही. मग ते स्लाइड्सकडे वळले. कोणी म्हणालं चूक, कोणी म्हणालं त्याहून वाईट शब्द. चंद्रकांत त्या खोलीत होते. ते बोलले नाहीत. घरी आले तेव्हा त्यांचा चेहरा पाहून मी म्हटलं, आत्ता जाऊन सांगा. ते म्हणाले, आता सांगितलं तर दोघंही जाऊ. माझी स्कॉलरशिप, आपला व्हिसा. आणि मला तेव्हा दिवस गेल्याची शंका होती. मग मीही गप्प बसले. शंका खोटी निघाली. गप्प बसणं तेवढं राहिलं.

मार्चमध्ये तुम्ही मॉन्ट्रियलच्या बसमध्ये चढलात. मी धपाटे बांधून आणले होते. डबा घेताना तुम्ही म्हणालात, “वहिनी, मुळांवर ते मी पाहिलं होतं हो.” मी म्हटलं, “पोचल्यावर पत्र टाका.”

इथवर वाचून तुम्हाला वाटेल, संपलं. नाही. आतापर्यंतचं मी कसंबसं कोणालाही सांगू शकले असते. पुढचं नाही.

दोन हजार साली चंद्रकांत एक दिवस कामावरून आले आणि गाडीतून उतरेचनात. मी बाहेर गेले. मांडीवर एक छापील लेख होता. कोणीतरी काचेच्या बाटल्यांत पाइनची आणि फरची रोपं मोरेलबरोबर वाढवली होती आणि मुळांवर तेच आवरण सापडलं होतं. चित्रंही होती. ते म्हणाले, “हेमू बरोबर होता.” मग म्हणाले, “मीही सगळा चुकलो नव्हतो. मेलेल्यावरही जगते ती. पण तो बरोबर होता.”

त्यांनी तुम्हाला पत्र लिहिलं. चार दिवस लिहीत होते. तुमचा पत्ता शोधला, पाकीट चिकटवलं आणि मला म्हणाले, जाताना टाक. मी ते वाफेवर धरून उघडलं. आत सगळं होतं. आपण बोललो नाही, भ्यालो, सगळं स्वतःवर घेतलं होतं त्यांनी. पण एक वाक्य होतं, ‘रोपं प्रभाच्या हातून गेली.’ खरंच होतं ते. मला सहन झालं नाही. तुमच्या लेखी मी अजून ती कोटातली वहिनी होते. जगात एका तरी माणसाच्या मनात मी तशी आहे, असं मला वाटायचं.

ते पत्र मी टाकलं नाही. अठरा वर्षं माझ्या पासपोर्टच्या पाकिटात आहे.

चंद्रकांत वाट बघत राहिले. पहिली दोन वर्षं रोज टपालाची पेटी उघडायचे. मग कधीतरी विचारायचे, “मॉन्ट्रियलचं काही?” हॉस्पिटलात, जायच्या दोन दिवस आधी म्हणाले, “हेमूने नाहीच माफ केलं.” मी त्यांच्या ओठांना पाणी लावलं. तेव्हाही मी सांगितलं नाही.

ते पत्र यासोबत पाठवते आहे. स्लाइड्सही, वेगळ्या पार्सलने. टाकायच्या तर तुम्ही टाका.

माफी मागण्याची माझी लायकी नाही. फक्त एक, चंद्रकांतनी तुम्हाला लिहिलं होतं. ते त्यांचं तुम्हाला पोचावं.

प्रभा


कोक्विटलाम, २६ ऑगस्ट २०१८

भाऊजी,

तुमचं पत्र काल मिळालं. अडीच महिने मी टपालाच्या पेटीकडे जाताना चंद्रकांत कसे जात असतील ते शिकले.

तुम्ही माफ केलं असं लिहिलेलं नाही. रागावलो असंही नाही. तुम्ही लिहिलंय, ‘त्रेचाळीस वर्षं मी असं धरून चाललो की माझ्या डोळ्यांना नसलेलं दिसतं. त्यानंतर मी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला नाही. यीस्टच्या कारखान्यात नोकरी केली ती हिशेबखात्यात.’ या ओळी मी किती वेळा वाचल्या ते सांगत नाही.

आणि मग नंदनचं. तुमचा मुलगा सतरा वर्षांचा असताना इकडचं विद्यापीठ बघायला आला होता, त्याला बायॉलॉजी करायचं होतं, आणि तिथल्या एका जुन्या माणसाने आडनाव ऐकून विचारलं, तो खोटी मुळं बनवणारा तुझा कोण? घरी येऊन नंदनने तुम्हाला विचारलं, बाबा, डिड यू फेक इट? आणि तुम्ही म्हणालात, मला माहीत नाही. त्याने त्याचा अर्थ हो असा घेतला. त्याने इंजिनिअरिंग घेतलं. तुमच्याशी तो गेली बावीस वर्षं नीट वागतो, सणाला येतो, औषधं आणतो, आणि तेवढंच.

तुम्ही म्हणता, ‘ही गोष्ट नंदनला तुम्ही सांगा. मी सांगितलं तर त्याला वाटेल म्हातारा आता सोयीची गोष्ट घेऊन आला. आणि फोनवर नको, समोर बसून सांगा.’

मी येते. तिकीट देवयानी काढते आहे. तिलाही मी सगळं सांगितलं. तिने फक्त विचारलं, बाबांचं पत्र मला वाचायला मिळेल का? ते तुमच्याकडे आहे. तुमची हरकत नसेल तर एक प्रत द्या.

प्रभा


कोक्विटलाम, ४ नोव्हेंबर २०१८

भाऊजी,

मला मॉन्ट्रियलहून परत येऊन दहा दिवस झाले. तुम्ही नंदनकडे त्या दिवशी मुद्दाम बाहेर गेलात, बेगलचे पाव आणतो म्हणून. दोन रस्ते पलीकडे दुकान, आणि तासभर आला नाहीत. मागे काय झालं ते तुम्ही ना मला विचारलंत, ना बहुतेक त्याला. म्हणून लिहिते.

दार लागल्यावर नंदन म्हणाला, “तुम्ही बाबांच्या फॅमिली फ्रेंड आहात. बाबांनी कधी सांगितलं नाही.” मराठी चांगलं आहे त्याचं, मधूनच फ्रेंच शब्द येतो. मी म्हटलं, “मी होते. आता काय आहे ते तू ऐकून ठरव.”

मी त्याला सगळं सांगितलं. थंडीपासून सांगितलं, माझ्या बोटांपासून. पट्ट्या मी मोजून दिल्या तेही. न टाकलेलं पत्रही. त्याच्या हातात कॉफीचा मग होता, तो त्याने तोंडाला लावला नाही. मी थांबले तेव्हा त्याने पहिला प्रश्न विचारला, “रोपं किती होती?”

“बारा.”

“सगळी बदलली?”

“सगळी.”

“आणि बाबांना हे कधी कळलं?”

“या जूनमध्ये. मी लिहिलं तेव्हा.”

तो उठला, सिंकपाशी जाऊन माझ्याकडे पाठ करून उभा राहिला. मग म्हणाला, “आय वॉज सेव्हंटीन. मी विचारलं आणि बाबा म्हणाले, मला माहीत नाही. मला वाटलं, हा माणूस लाय करतोय आणि नीट लाय करायचीही हिंमत नाही.” मगातली कॉफी सिंकमध्ये ओतली. “ही वॉज जस्ट टेलिंग मी द ट्रुथ. त्यांना खरंच माहीत नव्हतं.”

मी म्हटलं, “हो रे.”

तो म्हणाला, “तुम्हाला माहीत होतं.”

मी मान हलवली.

मग तो कोट न घालता जिना उतरून खाली गेला. तुम्ही कोपऱ्यावरच उभे होतात, मी तिसऱ्या मजल्यावरून बघत होते. बेगलची पिशवी त्याने तुमच्या हातातून घेतली. त्याने काय विचारलं ते मला ऐकू येण्यासारखं नव्हतं. पण मग तुम्ही बोलायला लागलात. डाव्या हाताचं एक बोट उभं धरलंत आणि उजव्या हाताने त्याच्याभोवती काहीतरी चढवून दाखवायला लागलात, पुन्हा पुन्हा, आणि तो मान वाकवून बघत होता. थंडीत, अंगात नुसता शर्ट. लोक तुम्हाला वळसा घालून जात होते. मी घड्याळ पाहिलं, तुम्ही पस्तीस मिनिटं तिथे होतात. बेगल वर आले तेव्हा गार झाले होते, आणि आपण ते खाल्ले.

दुसऱ्या दिवशी नंदनने मला विमानतळावर सोडलं. तुम्ही निरोप दारातूनच घेतलात, “या” म्हणालात, पुढे काही लावलं नाहीत. मला ते पुरलं. मेट्रोचं काम चालू होतं कुठेतरी, वाट लांबली. उतरल्यावर माझी बॅग काढून दिली आणि म्हणाला, “मी तुम्हाला थँक यू म्हणणार नाही, मावशी.”

मी म्हटलं, “म्हणू नकोस.”

“आणि मला फोन करू नका.”

“बरं.”

मी चार पावलं गेले असेन. त्याने मागून हाक मारली. म्हणाला, “पोचलात की बाबांना करा. ते जागे राहतील. त्यांना झोप लागणार नाही, आणि त्यांना एकट्याला बसून राहायला नको.”

त्या दिवशी मी घरात शिरले आणि बूट न काढता तुम्हाला फोन केला. तुम्ही पहिल्याच रिंगला उचललात. तुम्ही विचारलंत, “पोचलात?” मी हो म्हटलं. इकडे पाऊस, तिकडे बर्फ, एवढं आपण बोललो. मग ठेवता ठेवता तुम्ही विचारलंत, “फोन करायला कोणी सांगितलं होतं का?” आणि मी म्हटलं, “नाही, मलाच वाटलं.”

मला सवय झाली आहे भाऊजी, ती जाता जात नाही. नंदनने सांगितलं होतं.

प्रभा